ब्लॉग चालवायचा तर अवजारे मोजकी ठेवा, पण धारदार ठेवा
स्वतःचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या तरुणांसाठी उपयुक्त प्लगइनची माहिती

जालन्याकडून मंठामार्गे जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला सेलूचा रस्ता जेथे मिळतो, तो परभणी जिल्ह्यातील देवगाव फाटा. कोणत्याही फाट्यावरच्या व्यापाराचा एक नियम असतो. येथले बरेचसे गिऱ्हाईक घरून ठरवून येत नाही. ते वाटेने जाताना थांबते. दुकान उघडे दिसले, पाटी वाचता आली, समोरची जागा झाडलेली दिसली, तरच थांबते. इंटरनेटवरील ब्लॉगची स्थिती नेमकी अशीच आहे. वाचक शोध घेता घेता क्षणभर दारात येतो. पान उघडायला उशीर लागला किंवा उघडताच भलतीच जाहिरात समोर आली, तर तो पुन्हा फिरकत नाही.

आपल्या भागातील अनेक होतकरू तरुण आज लिहीत आहेत. कोणी कापूस-सोयाबीनच्या लागवडीवर लिहितो, कोणी स्पर्धा परीक्षांवर, कोणी मोटार दुरुस्तीवर, तर कोणी दीनी विषयांवर. परंतु बहुतेकांचे लिखाण फेसबुक, व्हॉट्सॲप किंवा यूट्यूबवर असते. ही जागा दुसऱ्याच्या मालकीची आहे, हे विसरून चालणार नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद झाले. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि ज्यांनी तेथे लाखो प्रेक्षक जमविले होते, त्यांची वर्षांची मेहनत एका रात्रीत हातची गेली. म्हणून, ज्याला लिखाणातून नाव, संपर्क किंवा रोजी मिळवायची आहे, त्याने स्वतःच्या नावाचा पत्ता घेऊन स्वतःचा ब्लॉग ठेवावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. '.इन' या शेपटाचा पत्ता वर्षाला काही शे रुपयांत मिळतो. ऑगस्ट २०१४ पासून '.भारत' हा देवनागरी पत्ताही घेता येतो.

ट्रॅक्टर आणि अवजारे

अशा ब्लॉगसाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी प्रणाली म्हणजे वर्डप्रेस. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ती मे २००३ मध्ये जगापुढे आणली. ती विनामूल्य आहे आणि आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात.

२००४ साली वर्डप्रेसमध्ये प्लगइनची सोय आली. प्लगइन म्हणजे काय, हे आपल्या शेतकरी वाचकांना सहज कळेल. ट्रॅक्टर एकच असतो. मागे नांगर जोडला की नांगरणी होते, रोटाव्हेटर जोडला की ढेकळे फुटतात, पेरणी यंत्र जोडले की पेरणी होते आणि ट्रॉली जोडली की माल बाजारात जातो. वर्डप्रेस हा ट्रॅक्टर आणि प्लगइन ही त्याची अवजारे होत. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात आज सुमारे साठ हजार विनामूल्य प्लगइन आहेत. मात्र साठ हजार अवजारे दिसली म्हणून सगळी कोणी ट्रॅक्टरला जोडत नाही. वैयक्तिक ब्लॉगला सात-आठ प्लगइन पुरेसे होतात. त्यापेक्षा जास्त झाले की ओझे वाढते आणि चोरवाटाही वाढतात.

येथे एक सूचना. वर्डप्रेस डॉट कॉमची फुकट जागा किंवा गूगलचा ब्लॉगर यांवर असे प्लगइन बसविता येत नाहीत. त्यासाठी होस्टिंगची जागा भाड्याने घेऊन त्यावर वर्डप्रेस बसवावे लागते. पुढील माहिती अशा ब्लॉगसाठी आहे.

पहिले काम: नक्कल ठेवणे

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि त्याला साक्षीदार ठेवावेत, अशी ताकीद सूरह अल्-बकरामध्ये आहे. ज्या समाजाला व्यवहार लिहिण्याची शिकवण इतक्या आधीपासून मिळाली, त्या समाजातील लिहिणाऱ्याकडे स्वतःच्या लिखाणाची नक्कल नसावी, हे शोभत नाही. ब्लॉग सुरू केल्यावर पहिला प्लगइन नक्कल ठेवणारा, म्हणजे बॅकअपचा बसवावा.

अपड्राफ्टप्लस हा या कामाचा प्रसिद्ध प्लगइन आहे. त्याच्या विनामूल्य आवृत्तीतही ठरलेल्या वेळी नक्कल काढून ती गूगल ड्राइव्हवर पाठविण्याची सोय आहे. नक्कल दोन गोष्टींची लागते: एक, लेखांचा मजकूर ज्यात असतो तो डेटाबेस, आणि दुसरी, छायाचित्रे व इतर फाइली. नक्कल होस्टिंगच्या जागेवरच ठेवू नये. दुकानाच्या खातेवहीची दुसरी प्रत दुकानातच ठेवली, तर आग लागल्यावर दोन्ही जळतात.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. वर्डप्रेसचे आतले घड्याळ, कोणी वाचक पान उघडतो तेव्हाच जागे होते. ज्या ब्लॉगवर दिवसभरात दोन-चारच वाचक येतात, तेथे रात्री दोनची ठरविलेली नक्कल सकाळी कोणी येईपर्यंत निघत नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा गूगल ड्राइव्ह उघडून ताजी नक्कल पोहोचली की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. तीच नक्कल वापरून वर्षातून एकदा तरी ब्लॉग पुन्हा उभा करून पाहावा. परत उभी न करता येणारी नक्कल निरुपयोगी होय.

कुलूप आणि राखण

"आमच्या छोट्या ब्लॉगवर कोण हल्ला करील?" असे अनेक तरुण म्हणतात. हल्ला करणारा माणूस नसतो, यंत्र असते. ते लहान-मोठे पाहत नाही, प्रत्येक दाराची कडी हलवून पाहते. कडी निघाली की ब्लॉगवर जुगाराच्या व अश्लील पानांचे दुवे पेरले जातात. दीनी लेखांच्या ब्लॉगवर असे घडले, तर लिहिणाऱ्याची इज्जत जाते आणि खुलासा करता करता नाकी नऊ येतात.

वर्डफेन्स हा राखणीचा सर्वाधिक परिचित प्लगइन आहे. पुन्हा पुन्हा चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याला तो अडवितो, बिघडविलेल्या फाइली शोधतो आणि मोबाइलवरील सांकेतिक अंकाचे दुसरे कुलूपही लावून देतो. त्याची विनामूल्य आवृत्ती चांगली आहे, मात्र नव्या हल्ल्यांविरुद्धचे नियम तिला पैसे भरणाऱ्यांपेक्षा तीस दिवस उशिरा मिळतात. होस्टिंग अगदी स्वस्तातले असेल आणि वर्डफेन्सने ब्लॉग जड होत असेल, तर 'लिमिट लॉगिन अटेम्प्ट्स रीलोडेड' हा हलका प्लगइन घ्यावा. राखणीचे दोन मोठे प्लगइन एकाच वेळी बसवू नयेत. ते एकमेकांच्या पायात येतात. आणि प्रवेशाचे नाव 'ॲडमिन' असे कधीही ठेवू नये, कारण यंत्र तेच नाव आधी वापरून पाहते.

वाचकांच्या अभिप्रायांत फालतू मजकुराचा कचरा फार येतो. तो झाडण्यासाठी अकिस्मेट २००५ पासून आहे. तो वैयक्तिक वापरासाठी विनामूल्य मिळतो. ब्लॉगवर जाहिरात किंवा विक्री असेल, तर पैसे भरावे लागतात. जाहिराती चालवून 'वैयक्तिक' अशी नोंद करणे ही फसवणूक होय. असा वाचविलेला पैसा बरकतीचा नाही. ज्यांना परवडत नाही, त्यांनी अँटिस्पॅम बी हा विनामूल्य प्लगइन वापरावा. जुन्या लेखांवरील अभिप्राय ठरावीक दिवसांनी आपोआप बंद करण्याची सोय तर वर्डप्रेसच्या सेटिंगमध्येच आहे.

वेग, आणि इफ्तारची वेळ

आपला वाचक शेतात किंवा एस.टी.त बसून मोबाइलवर वाचतो. त्याच्यासाठी पान झटपट उघडले पाहिजे. वर्डप्रेस एरव्ही प्रत्येक वाचकासाठी पान नव्याने तयार करते. कॅश प्लगइन एकदा तयार झालेले पान राखून ठेवतो आणि पुढच्या वाचकाला तेच देतो, त्यामुळे वेग पुष्कळ वाढतो. डब्ल्यूपी सुपर कॅश हा यासाठी सोपा आहे. होस्टिंग लाइटस्पीड सर्व्हरवर असेल तर लाइटस्पीड कॅश अधिक चांगला.

परंतु राखून ठेवलेले पान शिळे होऊ शकते. समजा, एखाद्याने रमजानमध्ये 'आजची सहरी व इफ्तार' असे पान ठेवले. कॅशमधून काल तयार झालेले पान आज दिसले, तर वाचकाला कालची वेळ मिळते. रोज मिनिटाचा फरक पडत जातो आणि प्रश्न माणसांच्या रोजाचा आहे. म्हणून असे पान कॅशमधून वगळावे. सुपर कॅशमध्ये तशी सोय आहे. त्याहून सोपे म्हणजे एकेका दिवसाऐवजी सबंध महिन्याचे वेळापत्रकच पानावर द्यावे.

ओघात आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वेळा दाखविणारा कोणताही प्लगइन बसविताना त्यात गाव कोणते भरले आहे, हे पाहावे. सेलू-देवगाव फाट्याचा परिसर मुंबईच्या पूर्वेला सुमारे साडेतीन अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने आपल्याकडे सूर्य मुंबईपेक्षा साधारण चौदा मिनिटे आधी उगवतो व मावळतो. मुंबईचे वेळापत्रक जसेच्या तसे उतरविले, तर सहरीची वेळ संपून गेल्यावरही येथला वाचक खात राहील. असे पान चालविणाऱ्यावर मोठी जबाबदारी असते. स्थानिक मशिदीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिल्याशिवाय ते प्रसिद्ध करू नये.

वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये वेळेचा विभाग 'कोलकाता' निवडावा. तो ग्रीनिचप्रमाणे राहिला, तर सकाळी सहाला ठरविलेला लेख साडेअकराला प्रसिद्ध होतो.

पान जड होण्याचे दुसरे कारण छायाचित्रे. आजच्या मोबाइलचे एकेक छायाचित्र कित्येक एमबीचे असते. स्मश किंवा ईडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू इमेज ऑप्टिमायझर हे प्लगइन ते आकाराने लहान करतात. तरीही मोबाइलमध्येच लहान करून मग चढविणे उत्तम. त्याने जागा आणि डेटा दोन्ही वाचतात.

मराठी मथळा आणि पत्त्याची लांबी

गूगलच्या शोधात आपला लेख नीट दिसावा, यासाठी नेदरलँड्सच्या योस्ट डी वाल्क यांनी सुरू केलेला योस्ट एसईओ हा प्लगइन प्रसिद्ध आहे. प्रत्येक लेखाचा शोधात दिसणारा मथळा आणि दोन ओळींचा सारांश त्यात भरता येतो. त्यातील हिरव्या-लाल दिव्यांच्या मात्र फार मागे लागू नये. वाचनसुलभतेचे ते दिवे मराठी वाक्यरचनेसाठी बनविलेले नाहीत. दिवा हिरवा करण्यासाठी मराठी बिघडवू नये.

मराठी लेखकांना खरी अडचण येते ती लेखाच्या पत्त्याची. आपण मराठी मथळा दिला की वर्डप्रेस त्यावरूनच पत्ता बनविते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळे आणि मात्रा वेगळी, साठविताना नऊ रोमन चिन्हांची जागा घेते. पत्त्याला जागा एकूण दोनशे चिन्हांची. म्हणजे जेमतेम बावीस देवनागरी चिन्हे बसतात. 'कापूस वेचणीनंतर साठवण कशी करावी' एवढा साधा मथळाही शेवटी तुटतो. शिवाय असा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठविला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ दिसते आणि लोक संशयाने तो उघडत नाहीत. यावर प्लगइन लागत नाही. प्रसिद्ध करण्यापूर्वी पत्त्याच्या रकान्यात तीन-चार शब्द रोमन लिपीत हाताने लिहावेत आणि नंतर ते बदलू नयेत. पुढे पत्त्यांची मांडणी बदलावीच लागली, तर रिडायरेक्शन हा प्लगइन जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकाला नव्या पत्त्यावर नेतो. वाचकांना न सापडलेल्या पानांची यादीही तो देतो.

संपर्क आणि वाचकाची अमानत

वाचकाने आपल्याशी बोलावे, यासाठी संपर्काचा अर्ज हवा. जपानच्या ताकायुकी मियोशी यांचा कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हा विनामूल्य आणि हलका आहे. पण तो आलेले निरोप ब्लॉगवर साठवीत नाही, केवळ ई-मेलने पाठवितो. ई-मेल हरवला की निरोप गेला. त्यामुळे त्याच लेखकाचा फ्लेमिंगो हा प्लगइन सोबत बसवावा, म्हणजे निरोपाची नोंद राहते. होस्टिंगवरून निघालेले ई-मेल पुष्कळदा कचऱ्याच्या पेटीत पडतात. त्यावर डब्ल्यूपी मेल एसएमटीपी हा उपाय आहे. गिऱ्हाइकाने भाव विचारला आणि उत्तर गेले नाही, तर नुकसान आपलेच.

अर्जात नाव, संपर्क व निरोप यापलीकडे काही मागू नये. वाचकाचा, विशेषतः आपल्या माता-भगिनींचा, फोन क्रमांक ही अमानत आहे. भारताने २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. पण कायदा नसता तरी अमानतीचा हुकूम आपल्याला होताच.

काय बसवू नये

वर्डप्रेसमध्ये आता पुष्कळ सोयी मुळातच आल्या आहेत. ऑगस्ट २०२० च्या ५.५ या आवृत्तीपासून शोधयंत्रांसाठीचा पानांचा नकाशा, खाली सरकल्यावरच छायाचित्र उघडण्याची सोय आणि प्लगइन आपोआप अद्ययावत होण्याची सोय मिळाली. या कामांसाठी वेगळे प्लगइन घेणे व्यर्थ आहे. सरकत्या चित्रांच्या पट्ट्या, संगीत, पडणारी फुले यांचीही ब्लॉगला गरज नाही.

प्लगइन निवडताना त्याच्या पानावर तीन गोष्टी पाहाव्यात: शेवटचा केव्हा अद्ययावत झाला, किती ठिकाणी चालू आहे आणि लोकांच्या अडचणींना उत्तरे मिळतात काय. नावाजलेला प्लगइनही कायम भरवशाचा राहील असे नाही. डिस्प्ले विजेट्स हा प्लगइन सुमारे दोन लाख संकेतस्थळांवर होता. मूळ लेखकाने तो विकला आणि नव्या मालकाच्या हाती गेल्यावर त्यात चोरवाट घातली गेली. सप्टेंबर २०१७ मध्ये तो भांडारातून कायमचा काढून टाकण्यात आला. तेव्हा मालक बदलल्याची बातमी कानावर आली की सावध व्हावे.

महागडे प्लगइन 'फुकट' वाटणारी पानेही पुष्कळ आहेत. अशा पुडक्यांत बहुधा लपविलेला घातक मजकूर असतो. त्यांच्या वाटेला जाऊ नये. शिवाय नको असलेला प्लगइन नुसता बंद ठेवून भागत नाही. त्याच्या फाइली जागेवर पडून राहतात आणि चोरवाट उघडीच राहते. तो पूर्णपणे काढून टाकावा.

जाहिरातीचे उत्पन्न हलाल राहील काय?

हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. गूगलच्या ॲडसेन्स सेवेत २०१८ पासून मराठीचा समावेश आहे, त्यामुळे मराठी ब्लॉगवर जाहिराती घेता येतात. गूगलचा साइट किट हा प्लगइन त्या जाहिराती जोडून देतो. परंतु कोणती जाहिरात दिसावी, हे प्लगइनमध्ये ठरत नाही, ॲडसेन्सच्या खात्यात ठरते. तेथे विशिष्ट प्रकार आणि विशिष्ट जाहिरातदार बंद करण्याची सोय आहे. जुगार, दारू, व्याजी कर्ज, अश्लीलता यांच्याशी संबंधित जे प्रकार तेथे बंद करता येतात, ते पहिल्याच दिवशी बंद करावेत आणि दर महिन्याला पुन्हा तपासावे. चाळणी शंभर टक्के बारीक नसते. ज्याचे मन यावर निःशंक होत नाही, त्याने ओळखीच्या व्यापाऱ्यांच्या जाहिराती थेट घ्याव्यात. बी-बियाणे, ठिबकचे पाइप, ट्रॅक्टरचे सुटे भाग यांचे दुकानदार परिसरात आहेतच. त्यासाठी प्लगइनही लागत नाही, एक चित्र पुरते.

देखभालीचा व्यवसाय

या विषयाला रोजीची दुसरी बाजूही आहे. आरटीकॅम्प आणि ब्रेनस्टॉर्म फोर्स या दोन कंपन्या पुण्यात उभ्या राहिल्या आणि त्यांचे वर्डप्रेसचे काम जगभर जाते. ब्रेनस्टॉर्म फोर्सची ॲस्ट्रा ही मांडणी दहा लाखांहून अधिक संकेतस्थळांनी वापरली आहे. म्हणजे हे काम केवळ अमेरिकेतच होते असे नाही. आपल्या तालुक्यातील तरुणाने एकदम कंपनी काढावी, असे आमचे म्हणणे नाही. पण शाळा, दवाखाने, शिकवणी वर्ग, मदरसे आणि दुकाने यांची संकेतस्थळे महिन्याच्या ठरावीक मोबदल्यावर सांभाळण्याचे काम तो निश्चित करू शकतो. संकेतस्थळ बनवून देणारे पुष्कळ आहेत. सांभाळणारे थोडे आहेत.

येथे सचोटी लागते. काही बनवून देणारे संकेतस्थळाचा पत्ता स्वतःच्याच नावावर घेतात आणि पुढे मालकाला अडवून पैसे मागतात. गिऱ्हाइकाचा पत्ता गिऱ्हाइकाच्याच नावावर घ्यावा, त्याचे पासवर्ड लेखी त्याच्या हवाली करावेत आणि कोणते काम मोबदल्यात येते व कोणते येत नाही, याचा कागद आधी करावा. अमानत ज्याची त्याला परत करा, हा सूरह अन्-निसामधील आदेश या धंद्यालाही तंतोतंत लागू आहे.

देखभालीचा क्रम

दर आठवड्याला: ताजी नक्कल पोहोचल्याची खात्री करावी. नंतर प्लगइन एकेक करून अद्ययावत करावेत, प्रत्येक वेळी ब्लॉग मोबाइलवर उघडून पाहावा. एकदम सगळे केले आणि बिघाड झाला, तर दोष कशात आहे हे कळत नाही. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून गंभीर बिघाड झाल्यास वर्डप्रेस मालकाला ई-मेलने दुरुस्तीचा दुवा पाठविते. त्यासाठी नोंदविलेला ई-मेल चालू असावा.

दर महिन्याला: 'साइट हेल्थ' हे पान वाचावे, नको असलेले प्लगइन काढावेत, न सापडणारी पाने दुरुस्त करावीत, जाहिरातींचे प्रकार तपासावेत.

दर वर्षी: पत्त्याचे व होस्टिंगचे पैसे मुदतीआधी भरावेत. मुदत चुकली तर पत्ता दुसरा कोणी घेऊ शकतो आणि आपल्या नावाखाली भलतेच दुकान थाटू शकतो.

या सगळ्याला आठवड्याचा एखादा तास लागतो. जुम्याच्या नमाजनंतर किंवा दुकान बंद झाल्यावरचा तो तास ठरवून ठेवावा. ब्लॉग सुरू करणे एका दुपारचे काम आहे. दहा वर्षे तो उघडा, स्वच्छ आणि खरा ठेवणे ही मेहनत आहे. आपल्या तरुणांनी ही मेहनत मनावर घ्यावी. त्यांची जागा त्यांचीच राहील आणि त्यातून हलाल रोजीचा मार्गही निघेल, इन्शाअल्लाह.